व्यापाऱ्यांबरोबर आलेला वारा

वैशाख सुरू झाला की जुळे सोलापुरातील रस्ते दुपारी ओस पडतात. पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री उशिरापर्यंत खालच्या खोल्यांत उतरत राहते. जुन्या पेठांतील वाडे सोडून विजापूर रस्त्यालगतच्या या वसाहतीत आलेल्या व्यापारी कुटुंबांना रुंद रस्ते मिळाले, गाड्या उभ्या करण्यास जागा मिळाली. गारवा मात्र वाड्यातच राहून गेला.

ज्यांची मुले दुबईला असतात, अशा घरांतील काचेच्या कपाटात कधीकधी वीतभर उंचीचा एक चौकोनी मनोरा दिसतो. तो 'बरजील', म्हणजे वाऱ्याचा मनोरा. आखाती देशांत परदेशी पाहुण्यांना द्यावयाच्या राजकीय भेटींत ससाणा, गलबत, कॉफीची सुरई यांच्याबरोबर या मनोऱ्याचे रूपही योजले जाते. सोलापूरला राजकीय भेटीचा अनुभव जुनाच आहे. १५२४ मध्ये आदिलशाही राजकन्या मरियम निजामशहाला दिली, तेव्हा सोलापूरचा किल्लाच आंदण म्हणून कबूल झाला होता. तो दिला गेला नाही आणि त्यावरून युद्धे पेटली. त्या मानाने वीतभर मनोरा ही फारच शहाणपणाची भेट म्हणावी लागेल!

या मनोऱ्याचा इतिहास व्यापाऱ्यांचाच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या किनाऱ्यावरील लिंगे बंदरात जकातीचा बोजा वाढला. त्याच सुमारास दुबईच्या शासकांनी आपल्या बंदरात जकात माफ केली. बस्तक परिसरातील व्यापारी खाडी ओलांडून दुबईस आले आणि मोत्यांच्या व कापडाच्या व्यापाराबरोबर इराणी 'बादगीर'ही घेऊन आले. गुजरातेतून येऊन सोलापुरात पेढ्या थाटणाऱ्या जैन कुटुंबांना हे स्थलांतर परके वाटू नये. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद अशाच एका घराण्यातले.

बरजीलची रचना साधी आहे. मनोऱ्याचा वरचा भाग चारही बाजूंनी उघडा असतो व आत फुलीच्या आकाराच्या भिंती असतात. कोणत्याही दिशेचा वारा एका बाजूने अडून खाली खोलीत उतरतो आणि तापलेली हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जाते. वीज नाही, इंधन नाही. तरीही वातानुकूलन आल्यावर हे मनोरे निरुपयोगी ठरले आणि बस्तकिया वस्तीचा काही भाग पाडलाही गेला. १९८९ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स यांनी ही वस्ती पाहून तिच्या जतनाचा आग्रह धरला. पुढे तिचा जीर्णोद्धार झाला. परक्याने वाखाणल्यावर आपल्या वस्तूची किंमत कळावी, हा अनुभव भारतीयांनाही नवा नाही. मोडीत निघालेली रचना आता राष्ट्राची ओळख म्हणून मखमली पेटीतून पाहुण्यांना दिली जाते.

सोलापूरकडेही अशी विद्या होती. पांढऱ्या मातीचे माळवद, हातभर जाडीच्या भिंती, मधला चौक, आणि छतातले साणे, ज्यातून उजेड खाली येई व कोंदट हवा वर जाई. जुळे सोलापूरच्या नकाशांत यांतील काहीच आले नाही. प्रत्येक खोलीला स्वतंत्र यंत्र बसते, त्याची गरम हवा शेजारच्या खिडकीवर पडते आणि मे महिन्याचे वीजबिल दुकानाच्या खर्चाशी स्पर्धा करू लागते.

दुबईचा मनोरा येथे जसाच्या तसा उभारण्यात अर्थ नाही. येथील दुपारचा वारा भाजून काढणारा. तो घरात न घेतलेलाच बरा. पण संध्याकाळी वारा सुटतो, तेव्हा जिन्याच्या माथ्याशी समोरासमोर दोन जाळ्या असल्या तरी दिवसभराची कोंडलेली उष्णता बाहेर पडू शकते. घर बांधतानाच तेवढी सोय केली, तर तिचा खर्च एका वातानुकूलन यंत्राहून कमीच येईल. बहुतेक बंगल्यांत त्या जागी काच पक्की बसवलेली असते.

सोलापूर स्वतः पाहुण्याला चादर देते, भर वैशाखातही.