रजेच्या अर्जातले कारण

पंधरा दिवस धड झोप नव्हती. दिवसा ऑफिसच्या फायली, संध्याकाळी वस्तीतल्या लोकांची कामे. घरी आलो की लेकरांवर खेकसायचो. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, एक दिवस रजा टाका की."

अर्जात कारण लिहिले, 'ताप'. दिवसभर होटगी तलावाच्या काठी बसलो. रात्री लेकरांशी हसून बोललो, गाढ झोपलो. पण तो खोटा ताप मनात सलत राहिला.

बंधू-भगिनींनो, नारायण मेघाजी लोखंडे लढले, म्हणून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. विसावा ही भीक नव्हे, हक्क आहे. हक्काच्या रजेसाठी खोटे का बोलायचे?

पुढच्या अर्जात मी खरेच लिहिणार, 'मन थकले आहे.' एका दिवसाने भागले नाही, तर डॉक्टरांकडे जायलाही लाजणार नाही.