शेवटची बस

जुन्या कात्रज घाटात बोगद्याच्या तोंडाशी मी पोचलो तेव्हा बाकीचे चौघे कठड्यावर बसून भेळ संपवत होते. मांड्यांची लाकडं झालेली, शर्ट पाठीला चिकटलेला आणि मनात एकच काळजी, शेवटची दोन वळणं आपण सायकल हातात धरून चालत आलो हे कोणी पाहिलं तर नाही ना! सायकल कठड्याला टेकवतोय तोच त्यांच्यातला एक जण कागदाचा बोळा करत उठला आणि म्हणाला, "चला, आला हा. निघू या."

त्यात त्याची काही चूक नव्हती. अर्धा तास ते माझ्यासाठीच थांबले होते. त्यांचा घाम वाळला होता, पाणी पिऊन झालं होतं, गप्पाही झाल्या होत्या. मला मात्र भेळेतला एक शेंगदाणासुद्धा मिळाला नाही. घाटात जो सगळ्यांत जास्त वेळ झिजतो त्याच्या वाट्याला सगळ्यांत कमी विसावा येतो, हे गणित मला अठराव्या वर्षी कळलं, आणि त्यानंतर कुठलीही डोंगरातली शर्यत मी पुढच्याच्या बाजूने पाहू शकलो नाही.

म्हणजे पाहतो पुढचंच, कारण कॅमेरा पुढे असतो. जुलैत इकडे पागोळ्या गळत असतात आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास तिकडे फ्रान्समध्ये 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीचा डोंगरातला टप्पा रंगात आलेला असतो. आल्प ड्युएझची एकवीस वळणं, तूर्मालेचं धुकं, रस्त्यावर रंगाने लिहिलेली नावं, अंगावर येणारी गर्दी. कोणी तरी साठ-बासष्ट किलोंचा गडी सीटवरून उठतो आणि उरलेल्या दोघा-तिघांना मागे टाकून निघून जातो. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. टूरमध्ये १९७५ पासून घाटांवर सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला लाल ठिपक्यांचा पांढरा शर्ट देतात. राजा वर पोचला, हात उंचावले, फोटो निघाले, की बहुतेक लोक टीव्ही बंद करतात. माझी शर्यत तिथे सुरू होते.

कारण त्याच घाटात, कित्येक वळणं खाली, पन्नास-साठ जणांचा एक घोळका अजून चढत असतो. इटालियन भाषेत त्याला ग्रुपेत्तो म्हणतात, फ्रेंच लोक सरळ 'ऑटोबस' म्हणतात. मला हे दुसरं नाव फार आवडतं. पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढणारी, वळणावर अर्धा श्वास घेणारी, पण सहसा न थांबणारी आपली एसटीच ती. या बसमधले प्रवासी काही कच्चे नसतात. सपाट रस्त्यावर शेवटच्या दोनशे मीटरमध्ये यांच्या जवळपास कोणी फिरकू शकत नाही. सपाटीवर खरा शत्रू हवा असते. दुसऱ्याच्या चाकामागे लपून तिला चकवता येतं. चढावर वेग पडला की तो आडोसा फारसा कामाला येत नाही, आणि उरतं ते नुसतं वजन. मार्सेल किटेलसारख्या ऐंशी किलोंच्या वरच्या जर्मन गड्याला ज्या मांड्या सपाटीवर जिंकून देत, त्याच घाटात त्याला वाहून न्याव्या लागत.

आणि नुसतं पोचून भागत नाही. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. विजेत्याला लागलेला वेळ, त्यावर त्याच्या सरासरी वेगानुसार आणि टप्प्याच्या अवघडपणानुसार ठरलेले काही टक्के. त्याच्या पलीकडे पोचलात तर दुसऱ्या दिवशी शर्यतीत नाही. यातली गोम अशी की मुदत नेमकी किती हे विजेता वर पोचेपर्यंत कोणालाच कळत नाही. तोवर अंदाजच बांधायचे. म्हणून बसला ड्रायव्हर लागतो. ऑस्ट्रियाचा बर्नहार्ड आयझेल हा यातला मुरलेला माणूस म्हणून ओळखला जाई. चढावर वेडेपणा करायचा नाही, एका लयीत चढायचं, कोणी फुटेल असा जोर लावायचा नाही. गेलेला वेळ उतारावर आणि दोन घाटांमधल्या दरीत भरून काढायचा. वेगवेगळ्या संघांचे, सकाळपर्यंत एकमेकांना कोपर मारणारे लोक इथे एकमेकांसाठी वाऱ्याला तोंड देतात. माणुसकी असेलच, पण हिशेबही असतो. नियम असा की घोळका पुरेसा मोठा असेल तर उशीर होऊनही पंच सगळ्यांना ठेवून घेऊ शकतात. २०११ साली गालिबिएच्या टप्प्यात ऐंशीहून जास्त जण मुदतीनंतर पोचले. एवढ्यांना घरी पाठवलं तर पॅरिसला जायचं कोणी? त्यांना ठेवून घेतलं, आणि त्यांच्यातल्या मार्क कॅव्हेंडिश या सपाटीवरच्या गड्याचे वीस गुण कापले. बसमध्ये गर्दी असली की कंडक्टरही फार वाद घालत नाही.

बस चुकली तर मागे उरते एकच गाडी. १९१० साली टूर पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच घाटांत गेली तेव्हा तीही आली. रस्ते कच्चे, सायकली जडशीळ, गिअर बदलायची सोय नाही. लुशों ते बायोन असा ३२६ किलोमीटरचा टप्पा. ऑक्ताव लापीझ तूर्मालेवर सायकलवरून उतरून चालत गेला (हे वाचलं तेव्हा कात्रजची माझी ती दोन वळणं मी स्वतःला माफ करून टाकली) आणि पुढच्या घाटात त्याने आयोजकांना तोंडावर खुनी म्हटलं. टप्पा त्यानेच जिंकला, ती टूरही. त्याच वर्षापासून थकलेल्यांना गोळा करत येणारी गाडी शर्यतीच्या शेपटाला लागली. तिला म्हणतात झाडूची गाडी, आणि पुढे पुष्कळ वर्षं तिच्यावर खरोखरच खराटा बांधलेला असे. आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो, चुकून पाय लागला तर नमस्कार करतो. तिथे मागे वळून पाहावं आणि खराटा दिसावा, यासारखी अवदसा नाही.

४ जुलै २०२१, रविवार. क्लूझ ते तीन्य, १४५ किलोमीटर, सगळे आल्प्सचे घाट आणि दिवसभर थंड पाऊस. पुढे ऑस्ट्रेलियाचा बेन ओकॉनर साडेचार तासांच्या आत पोचला आणि जिंकला. मुदत ठरली त्याच्यानंतर साधारण सदतीस मिनिटांची. मागे कॅव्हेंडिश होता, छत्तीस वर्षांचा. २०१८ मध्ये अशाच एका टप्प्यात तो तासाहून जास्त उशिरा पोचला होता आणि बाद झाला होता. त्यानंतर तीन वर्षं त्याला टूर दिसली नव्हती. ऐन वेळी संघात घेतलेल्या या माणसाने त्या आठवड्यात दोन टप्पे जिंकून सगळ्यांना चकित केलं होतं. त्याला वर न्यायला संघातले सहकारी मागे थांबले. तो चुकला असता तर तेही चुकले असते. जेमतेम दीड मिनिट हाताशी ठेवून ते पोचले. पुढे त्याने आणखी दोन टप्पे जिंकून एडी मर्क्सच्या ३४ टप्पे जिंकण्याच्या विक्रमाशी बरोबरी केली आणि २०२४ मध्ये पस्तिसावा जिंकला. विक्रमांच्या यादीत ते दीड मिनिट कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या लेखी पस्तिसातलं सगळ्यांत मोठं तेच.

पण त्या दिवशी कॅव्हेंडिशच्याही मागे एक जण होता. निक द्लामिनी, दक्षिण आफ्रिकेचा, केप टाऊनजवळच्या गरीब वस्तीत वाढलेला, टूरमध्ये उतरलेला त्या देशाचा पहिला कृष्णवर्णीय सायकलपटू. त्याच्या संघाच्या नावात 'कुबेका' हा शब्द होता. तिकडच्या भाषांत त्याचा अर्थ पुढे चालत राहणं. त्या दिवशी तो पडला आणि बस त्याच्या हातून सुटली. मुदत संपली तेव्हा त्याच्यापुढे बराच डोंगर शिल्लक होता. गाडीत बसला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. निकाल दोन्हीकडे सारखाच, घरी जाणं. एकट्यासाठी पंच सहसा नियम वाकवत नाहीत, आणि त्यांनी वाकवलाही नाही. तरी तो चढत राहिला. पावसात, एकटा, ओकॉनरनंतर जवळजवळ दीड तासाने त्याने तीन्यची रेषा ओलांडली. पहिल्याला साडेचार तास, याला पावणेसहाहून जास्त. डोंगर तोच, पाऊस तोच, थंडीही तीच. फक्त याने ती सव्वापटीहून जास्त भोगली.

मी हे दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं. चहा निवला. निकालात त्याच्या नावापुढे 'मुदतीबाहेर' एवढीच नोंद होती.

तो सोमवार होता, ५ जुलै. वेळापत्रकात टूरचा पहिला विश्रांतीचा दिवस. तीन्यमध्ये त्या दिवशी कोणी कोणाला 'चला' म्हणणार नव्हतं.