३८८ विरुद्ध १

पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ला, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने जपानशी युद्ध पुकारलं. बाजूने ३८८ मतं, विरोधात एक. ते एक मत मोंटाना राज्याच्या जेनेट रँकिन यांचं. बोलायला उठल्या तर सभापतींनी संधी दिली नाही. निदान एकमत तरी दिसावं म्हणून सहकाऱ्यांनी गळ घातली. त्या बधल्या नाहीत. नंतर चिडलेल्या लोकांपासून वाचण्यासाठी त्या टेलिफोन बूथमध्ये शिरल्या आणि पोलिसांच्या सोबतीने कचेरीत पोचल्या.

ते युद्ध लढणं भाग होतं, असंच मी मानते. तरी त्या एका मताविषयी माझ्या मनात आदर आहे. युद्धाला विरोध करीन असं सांगूनच रँकिनबाई १९४०मध्ये निवडून आल्या होत्या. लोक शांत असताना दिलेला शब्द लोक खवळल्यावर पाळायचा की नाही, हा प्रश्न प्रत्येक लोकप्रतिनिधीपुढे कधी ना कधी येतोच. बहुतेकांना तेव्हा शब्द आठवत नाही.

रँकिनबाईंपुढे हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता. १९१६मध्ये त्या अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. देशातल्या बहुसंख्य बायकांना तेव्हा मतदानाचा हक्कच नव्हता. मोंटानात तो १९१४मध्ये मिळाला, तोही त्यांच्यासारख्या बायका गावोगाव हिंडल्या म्हणून. सभागृहात बसून चार दिवस होतात न होतात तोच जर्मनीशी युद्धाचा ठराव आला. विरोधात ५० मतं पडली, त्यांतली ४९ पुरुषांची. पण वर्तमानपत्रांनी रंगवलं ते रँकिनबाईंचं रडणं. मताधिकाराच्या चळवळीतल्या काही पुढारी बायकाही नाराज झाल्या: हिच्या मतामुळे सगळ्या बायका दुबळ्या ठरतील! पुरुषाचं मत त्याच्या एकट्याचं असतं, बाईच्या मताला मात्र साऱ्या बाईजातीचा जामीन द्यावा लागतो. याचा मला आजही राग येतो.

या दोन मतांच्या गदारोळात त्यांचं बाकीचं काम झाकलं गेलं. जून १९१७मध्ये मोंटानातल्या ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत आग लागून १६८ कामगार गेले, तेव्हा तिथल्या बलाढ्य अ‍ॅनाकोंडा कंपनीविरुद्ध त्या कामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यासाठी त्यांनी विधेयक मांडलं. त्या धर्तीवरचा कायदा १९२१मध्ये झाला, तेव्हा त्या सभागृहात नव्हत्या. मला विचाराल तर त्यांची ओळख इथून सुरू व्हायला हवी.

१९४२मध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने १९४६पासून अनेकदा भारतात आल्या. जानेवारी १९६८मध्ये, ८७ वर्षांच्या असताना, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी त्या होत्या. पुढे काँग्रेसची निवडणूक पुन्हा लढवायचं त्यांच्या मनात होतं. तब्येतीने साथ दिली नाही.