खोलीचे माप

आमच्या वाड्याचे माप आजोबांनी फुटांत सांगितलेले मी कधी ऐकले नाही. ओसरी तीन खणांची, माजघर पाच खणांचे, एवढे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुळया आणि त्यांमधील मोकळी जागा उभी राही; कारण खण म्हणजे दोन तुळयांमधील अंतर, आणि ते ठरलेले असे लाकडाच्या वजन पेलण्याच्या शक्तीने. लग्नकार्यात बैठकीसाठी जाजम अंथरायचे झाले, की आजी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात टाकीत भिंतीच्या कडेने पुढे सरके, आणि तिचा हिशेब अचूक लागू पडे, कारण जाजमही तिने त्याच हाताने मोजलेले असे. परंतु जिथे एकाचा हात दुसऱ्याच्या हाताशी ताडून पाहायचा असतो, तिथे असा हिशेब चालत नाही. शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात पाच मुठींची होती खरी. पण हात चौदा तसूंचा असावा आणि संपूर्ण काठी 82 तसूंची भरावी, असे सभासदाने बखरीत नमूद केले आहे. धारा भरणाऱ्या रयतेला मोजणीदाराच्या हाताच्या लांबीवर अवलंबून राहावे लागू नये, यात मोठा न्याय होता.

वडिलांच्या उमेदीच्या काळात 1956 चा वजनमापांचा कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने मीटर रूढ झाला. कचेरीच्या दप्तरात मीटर लिहिणारे वडील घरी सुताराशी मात्र फुटांतच बोलत. एक फूट म्हणजे 30.48 सेंटिमीटर हे कोष्टक त्यांना मुखोद्गत होते. टेपेचे दुसरे टोक भिंतीला धरून मी उभा राहत असे. एकाच खोलीची रुंदी दोन ठिकाणी मोजली तर ती क्वचितच सारखी भरते, हे मला तेव्हाच उमगले. कपाट करायचे असेल तर वडील त्यांतील लहान माप सुताराला देत. सतरंजी घ्यायची असेल तर मोठे.

परवा नवा गालिचा घेण्याचे ठरले, तेव्हा सदनिकेच्या करारनाम्यातील चटई क्षेत्राचा आकडा मी प्रथम पाहिला. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने त्या क्षेत्राची व्याख्या बांधून दिली, हे ग्राहकाच्या दृष्टीने फार हिताचे झाले. तथापि त्या व्याख्येत आतल्या भिंतींखालची जागाही धरलेली असते, आणि गालिचा काही भिंतीखाली जात नाही. म्हणून टेप हाती घ्यावीच लागते. खिडकीपाशी खोली 11 फूट भरली, दाराच्या बाजूला 11 फूट 2 इंच. दोन्ही कर्ण मोजले, तेही असमान निघाले. आयताच्या कर्णाचे त्याच्या बाजूंशी असलेले नाते बौधायनाने वेदी रचण्याच्या निमित्ताने दोरीच्या भाषेत सांगून ठेवले आहे, आणि पाया आखणारा गवंडी तीन-चार-पाचच्या हिशेबाने आजही तेच वापरतो. मग दाराच्या चौकटीतला कोनाडा मोजला, दार उघडताना खाली किती फट राहते ते पाहिले, आणि गालिच्याची लव सर्वत्र एकाच दिशेने यावी म्हणून गुंडाळी कोणत्या अंगाने उलगडायची हेही ठरवले. गुंडाळी 12 फुटी असल्याने खोलीत जोड येणार नव्हता. कडेने छाटण्यापुरता कपडाही उरत होता.

ही सर्व मापे मी तारीख घालून एका वहीत उतरवून ठेवली आहेत. मालकी सिद्ध करण्यास दस्तऐवजातील एक आकडा पुरेसा असतो, आणि तो सर्वांसाठी सारखाच असला पाहिजे. परंतु घरात नांदणाऱ्याला त्याच खोलीची अनेक मापे ठाऊक असावी लागतात, आणि कोणत्या कामासाठी त्यांतील कोणते खरे मानावे, हे ओळखण्याचा विवेकही त्याच्या ठायी असावा लागतो. आजीजवळ तो होता, वडिलांजवळही होता; आणि घराविषयीच्या आस्थेचे याहून विश्वसनीय लक्षण मला अद्याप आढळलेले नाही.