एक दीर्घ, तीन ऱ्हस्व

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील एखादी आठवण लिहून पाठवा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आम्हा तिघांनाही एकच प्रसंग आठवला. तो अभिमानाने सांगावा असा नाही. तरीही तोच लिहीत आहोत.

आम्ही तेव्हा नववीत होतो. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून विज्ञान मंडळाला एका लहान क्वाडकॉप्टरचे सुटे भाग मिळाले होते. वजन २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘नॅनो’ वर्गातले. रात्रीच्या अभ्यासिकेनंतर रोज अर्धा तास खपून आम्ही ते जोडले. स्नेहसंमेलनाच्या सकाळी, पालक मैदानावर जमलेले असताना, शाळेचे वरून छायाचित्र घ्यावयाचे ठरले होते. उडविण्याचे काम आठवीतल्या एका मित्राकडे होते. हात त्याचाच स्थिर होता.

संमेलनाला तीन दिवस उरले असताना ते यंत्र कडुनिंबाच्या फांदीला लागून कोसळले. आम्ही धावलो. त्याच्या हातातला रिमोट हिसकावून घेतला आणि जे बोलू नये ते बोललो. एक पाते तुटले होते, एवढेच दिसत होते. पाते बदलले, बॅटरी लावली, आर्म करण्याची कळ ओढली. एकही मोटर फिरेना. बझर तेवढा वाजत राहिला.

पुढचे दोन दिवस आम्ही जे केले त्याला दुरुस्ती म्हणणे धाडसाचे होईल. आधी पाती काढून ठेवली, एवढे शहाणपण मात्र होते. बॅटरी फुगली नाही ना ते पाहून ती वाळूच्या माठात ठेवली. चांगल्या असलेल्या तारांनाही पुन्हा सोल्डरिंग केले. यंत्र संगणकाला जोडले तर बीटाफ्लाइटच्या पडद्यावर आर्म न होण्याची एक नव्हे, अनेक कारणे झळकली. त्यांतली बरीचशी आमच्या जोडणीनेच निर्माण केलेली होती. संगणकाशी जोडलेले असताना ती प्रणाली मुद्दामच मोटर सुरू होऊ देत नाही. बॅटरी लावलेली नव्हती म्हणून रिसीव्हर बंद, आणि म्हणून सिग्नलही नाही. आम्ही रोगाऐवजी तपासणीचीच लक्षणे तपासत होतो. यंत्र तिरके असल्यास आर्म होऊ नये म्हणून असलेली २५ अंशांची मर्यादाही आम्ही १८० करून पाहिली. पहारेकरीच हटविण्याचा तो अविचार, नंतर पूर्ववत केला.

त्या दोन दिवसांत आमचा मित्र जेवणाच्या पंगतीत शेवटी बसत होता. आम्ही त्याला बोलाविले नाही.

वसतिगृहाचे अधीक्षक सर मराठी शिकवीत. दुसऱ्या रात्री ते ओसरीतून जाताना थांबले आणि म्हणाले, “दर वेळी तीच ओळ वाजते आहे रे. मोजा.” मोजले. आधी पाच आखूड सूर. ते केवळ लक्ष वेधण्यासाठी असतात, हे नंतर कळले. मग एक दीर्घ, तीन ऱ्हस्व. मात्रावृत्तात गुरूच्या मात्रा दोन. बीटाफ्लाइटच्या हिशेबात दीर्घ सूर पाचाचा आणि ऱ्हस्व एकाचा. बेरीज आठ. आमच्या आवृत्तीच्या कोष्टकात आठवे कारण होते थ्रॉटल. काडी पूर्ण खाली असूनही थ्रॉटल वर आहे, असे यंत्राला कळत होते, आणि अशा स्थितीत आर्म केले तर पाती एकदम वेग घेऊन जवळच्याची बोटे कापतील, म्हणून ते नकार देत होते.

या वेळी बॅटरी लावून संगणक जोडला आणि रिसीव्हरचे पान उघडले. काडी तळाशी, आकडा १०६०. हवा होता १०५० च्या खाली. रिमोटवर पाहिले तर थ्रॉटलच्या काडीलगतचे ट्रिम चढलेले. ते उतरविले, केबल काढली, कळ ओढली. चारही मोटर फिरल्या.

रिमोट पडला होता का, असे सरांनी विचारले. पडला नव्हता. तो आम्ही हिसकावला होता. त्या झटापटीत तिघांपैकी कोणाचा अंगठा बटणावर दाबला गेला, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. बटणाचा आवाज झालाच असेल, पण आमच्या ओरडण्यात तो कोणाला ऐकू येणार?

रात्री आम्ही त्याच्या खाटेशी जाऊन सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सकाळी वारा कमी असतो. तेव्हाच उडवू.”

संमेलनाच्या सकाळी त्यानेच उडविले. छायाचित्रात पत्र्याचे छप्पर आहे, दोरीवर वाळणाऱ्या चादरी आहेत आणि डोळ्यांवर हात धरून वर पाहणारे आपले पालक आहेत.

हा मजकूर पाठविण्यापूर्वी आम्ही त्याला फोनवर वाचून दाखविला. त्याने एकच दुरुस्ती सुचविली. आकडा १०६० नव्हता, १०६४ होता. त्याच्या वहीत लिहिलेला आहे.