हालोलची मोटार आणि लेथवाल्याचं खातं

मोटारधंद्याचा विषय निघाला की आपण शोरूममधल्या किमती बोलतो. मी बँकेत होतो, म्हणून मला हा धंदा दिसला तो छोट्या कारखानदारांच्या चालू खात्यांतून.

१९९६ साली बडोद्याजवळ हालोलला जनरल मोटर्सची ओपेल ॲस्ट्रा तयार होऊ लागली. मोटार कंपनी सगळं स्वतः करत नाही. काच, रबर, सीट, वायरिंग, पत्र्याचे भाग बाहेरून येतात. त्या पुरवठादाराला माल देणारा आणखी छोटा, आणि त्याचा लेथवाला त्याहून छोटा. बिलाचे पैसे दोन महिन्यांनी, पगार मात्र सात तारखेला! मधली फट बँकेचं कॅश क्रेडिट भरणार. गाडी विकली गेली की पुढे सरकारचा कर, विमा, कर्ज, पेट्रोलपंप, गॅरेज. एका गेटामागे एवढी घरं चालतात.

२०१७ च्या एप्रिलमध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढे कारखाना चीनच्या एसएआयसी कंपनीने घेतला आणि २०१९ मध्ये तिथूनच एमजी हेक्टर बाहेर पडली. कारखाना दोन वर्षं थांबू शकतो. लेथवाल्याला कर्जाचे दोन हप्तेही जड जातात.

म्हणून कर्जाचा अर्ज आला की ताळेबंद उघडण्याआधी मी विचारायचो, "भाई, गिऱ्हाइकं किती?" उत्तर "एकच, पण मोठं" असं आलं की माझा पेन थांबायचा. आपल्या घरातलं कुणी या धंद्यात उतरत असेल, तर त्यालाही आधी हेच विचारा.