ओझ्याच्या वाटा

डोंगराळ रानातून धावण्याचा छंद ज्यांनी सह्याद्रीत जोपासला, त्यांच्या मनात मार्ग म्हटला की प्रथम एखादा दुर्ग उभा राहतो. आणि सिंहगड, राजगड व तोरणा या तीन गडांना एका दमात जोडणारी जी शर्यत अलीकडे पुण्याकडील धावपटूंच्या जिव्हाळ्याचा विषय झाली आहे, तिचा आराखडा मुळात दुर्ग बांधणाऱ्यांनीच ठरवून ठेवला होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. गडाची ओढ तेथे इतकी प्रबळ असते की मार्ग शोधावा लागत नाही. तो केवळ पार करावा लागतो. वऱ्हाडच्या दक्षिणेकडील ज्या उंच मुलखाला जुनी दप्तरे बालाघाट म्हणत आली, तेथे मात्र धावणाऱ्याला असा आयता आधार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या, सपाट जमिनीचा पाईनघाट उत्तरेला खाली सोडून, अजिंठ्याच्या रांगेचे फाटे जेथे उतरत उतरत अडाण आणि अरुणावती या नद्यांच्या पाणलोटात विरून जातात, त्या वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी वसले आहे. आणि याच गावाच्या आसमंतातील टेकड्यांतून धावता धावता मार्ग निवडण्याची कला मी थोडीफार शिकलो.

या टेकड्यांची उंची कोणाला सांगावी अशी नाही. तथापि त्यांची घडण समजून घेतल्यावाचून त्यांच्यावरून धावता येत नाही. अतिप्राचीन काळी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर येथे भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक आडवे बसलेले असून, त्यांपैकी जो थर घट्ट व कठीण तो आपली कड धरून राहतो आणि जो सच्छिद्र व मऊ तो ऊन-पावसाने झिजत मागे सरतो. त्यामुळे टेकडीचा उतार अखंड न राहता टप्प्याटप्प्यांचा होतो, म्हणजे एक ताठ चढ, मग मुरमाचा सपाट पट्टा, पुन्हा चढ आणि पुन्हा पट्टा. नवखा धावणारा माथ्यावर दृष्टी ठेवून सरळ रेषेत चढू लागतो आणि दोन-तीन कडा ओलांडताच त्याचा श्वास तुटतो. जाणता मात्र पट्टा धरून आडवा धावत राहतो, कठीण थराला एखाद्या ओहोळाने जेथे खिंडार पाडले असेल तेथेच वरच्या पट्ट्यावर जातो आणि अशा रीतीने अंतर वाढवून दम राखतो. पायथ्याची काळी जमीन आषाढात बुटांना अशी बिलगते की प्रत्येक पाऊल शेराने जड व्हावे. वरचा मुरूम मात्र पाणी निथळू देतो. म्हणून पावसाळ्यातला मार्ग आणि मार्गशीर्षातला मार्ग हे एकाच टेकडीवरचे असूनही दोन स्वतंत्र मार्ग असतात.

ही खिंडारे कोठे आहेत, कोणत्या पट्ट्यावरून कोणत्या पट्ट्यावर दम न मोडता जाता येते, याचा शोध आपण लावला असे धावणाऱ्याला पुष्कळदा वाटते. वस्तुतः तो शोध त्याच्या शेकडो वर्षे आधी पाठीवर गोण्या वाहणाऱ्या बैलांनी लावलेला असतो.

पोहरादेवीला बंजारा समाजाची काशी म्हणतात. जगदंबेचे देऊळ आणि संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. १७३९ हे महाराजांचे जन्मवर्ष मानले जाते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथेच बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या समाजाचे हे श्रद्धास्थान, त्याचा परंपरागत व्यवसाय लदेणीचा, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून मुलखामुलखांतून नेण्याचा होता. लष्करांना रसद पुरविणारेही तेच. सतराव्या शतकात आसफखानाच्या दख्खनच्या स्वारीत रसद वाहणाऱ्या नायकांना पाणी व गवत घेण्याची मुभा देणारा ताम्रपट मिळाल्याची कथा वऱ्हाडच्या बंजाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. गवत आणि पाणी हे दोनच शब्द तांड्याचा मार्ग ठरवीत असत, ही गोष्ट त्या कथेतून जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही भूगोलाच्या ग्रंथातून होत नाही.

पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात धान्याने लादलेल्या १४,००० बैलांचा एक तांडा भेटला होता, आणि असा तांडा दिवसाकाठी सहा-सात मैलांहून अधिक मजल मारीत नाही, अशी नोंद त्याने केली. हे अंतर आजचा साधारण धावपटू सकाळच्या एका तासात कापतो. परंतु त्या संथपणातच मार्गाचे सारे शास्त्र साठविलेले आहे. चरत चरत चालणारे जनावर सरळ चढ टाळते. ओझ्याखाली त्याचा खूर निसटत्या दगडावर पडणे त्याला परवडत नाही. आणि मुक्काम पाण्यापाशीच पडला पाहिजे, ही अट तर अपरिहार्यच. तांड्याच्या अग्रभागी हतादिया नावाचा, देवाला वाहिलेला आणि म्हणून कधीही ओझे न लादलेला बैल घंटा व रेशमी गोंडे मिरवीत चालत असे, असे वर्णन १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या ग्रंथात आढळते. ज्याच्या पाठीवर काहीच नाही तो पुढे, आणि ज्यांच्या पाठीवर सर्व काही आहे ते मागे. पण पुढच्याने वेग मात्र मागच्यांचाच राखावयाचा, हा दंडक मला धावणाऱ्यांच्या कोणत्याही नियमावलीपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो.

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद आगगाडी कारंजा-दारव्हामार्गे या मुलखाच्या उशाशी येऊन भिडली. लदेणी तत्पूर्वीच मोडीत निघाली होती. तांडे स्थिरावले, नायक व कारभारी राहिले, पण बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. वाटा मात्र लागलीच पुसल्या गेल्या नाहीत. कारण त्यांच्यावरून पुढे गुरे गेली, सरपणाच्या मोळ्या गेल्या, तेंदूपत्त्याचे गठ्ठे फडाकडे गेले. जेथे हे काहीच गेले नाही तेथे दोन पावसाळ्यांत बोरी-बाभळींनी वाट गिळली.

म्हणून वाट पायाखाली येताच ती कोणाची, हे ओळखणे ही या कलेतील पहिली पायरी, असे मी मानू लागलो. गुरांची वाट पट्ट्यावर दहा पदरांची होऊन पसरते आणि पाणवठ्यापाशी पुन्हा एका पदराची होते. तिच्यावर ठेचा लागतात, पण चुकण्याचे भय नसते. मोळीवाल्या बायांची वाट अरुंद असते, तिच्यावर डोक्याइतक्या उंचीवरच्या फांद्या मोडलेल्या असतात आणि उतारावर ती हमखास वळण घेते. वनखात्याची जाळरेषा याच्या अगदी उलट. वणवा अडविण्यासाठी आखलेली ती सरळ पट्टी उताराची पर्वा करीत नाही; नकाशावर मोहक आणि पायांना निर्दय अशी ही रेषा धावण्यासाठी निवडू नये, असा माझा आग्रह असतो. टेकड्यांच्या कुशीला खणलेले सलग समतल चर पाहून तर धावणाऱ्याला मोह पडतोच, कारण समान उंचीची रेषा कोणीतरी जमिनीवर रेखून ठेवलेली असते. परंतु चराच्या बांधावर पावले पडू लागली की बांध खचतो, आणि ज्या पाण्यासाठी एखाद्या गावाने उन्हाळाभर कुदळ मारली ते पाणी पहिल्याच पावसात वाट फोडून वाहून जाते. तेथून धावणे हा मला साधा अविचार वाटत नाही, तो अपहार वाटतो.

वाट ओळखल्यावर तिची कागदोपत्री चौकशीही करावी लागते. विदर्भातील गावांच्या दप्तरात निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज असे दोन कागद असतात; १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या अनुक्रमे १६१ व १६५ या कलमांनी त्यांना मान्यता दिली आहे. पडीक जमिनीवरील चराई, सरपण इत्यादींची व्यवस्था पहिल्यात, आणि पाटपाणी, मासेमारी व जाण्या-येण्याच्या वहिवाटीचे रिवाज दुसऱ्यात. गावनकाशा, शिवेचे दगड, पांदणी आणि शेताशेतांमधील धुरे यांची तोंडओळख तलाठ्याकडे बसून करून घेतली, तर ज्या वाटा पायांनी ओळखल्या होत्या त्यांपैकी कित्येक त्या कागदांतही भेटतात. राखीव वनात शिरावयाचे झाल्यास वनखात्याची परवानगी हवीच, आणि पांदण पिकांतून जात असेल तर मालकाला विचारलेले बरे. यात वेळ जातो. परंतु शंभर धावणाऱ्यांना एखाद्या वाटेवर आणण्यापूर्वी त्या वाटेची हद्द व हक्क ठाऊक नसणे, हे मला न शोभणारे वाटते.

ऋतूंचे गणित याहून सूक्ष्म आहे. दिवाळीच्या सुमारास हवा उत्तम असते, पण वाळत आलेल्या गवताची कुसळे मोज्यांत शिरून घोट्यांची चाळण करतात. पौष-माघात साग पाने गाळू लागतो, आणि त्या मोठाल्या वाळक्या पानांखाली दगड दडल्यामुळे उतारावर पाऊल आखूड व दृष्टी तीन-चार पावलांवर ठेवूनच धावावे लागते. फाल्गुन-चैत्रात पळस पेटतो आणि मोह गळू लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात मोहाखाली माणसे असतात तशी कधी अस्वलेही असतात, म्हणून त्या दिवसांत मोहाच्या झाडांच्या वाटा सूर्य चांगला वर येईपर्यंत मी वर्ज्य मानतो. शिवाय फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळण्याची चाल अद्याप पुरती गेलेली नाही, आणि वणव्याचा धूर खोऱ्यात साचला की धावणाऱ्याने माघारी फिरावे हेच उत्तम. वैशाखात तर चाळिशीपार गेलेला पारा सर्व वाद आपसूकच मिटवितो.

चैत्र शुद्ध नवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. दूरदूरच्या तांड्यांतून पांढरी निशाणे घेतलेली माणसे येतात, त्यांतील अनेक पायी. नगारा वाजतो, भोग लागतो, आणि एरवी माझ्या परिचयाच्या वाटा त्या दिवसांत माझ्या राहत नाहीत. डोक्यावर शिधा, कडेवर मूल आणि हाती निशाण अशी एखादी म्हातारी ज्या चालीने चढ चढते ती चाल पाहिल्यावर, श्वास व पाऊल यांच्या मेळाविषयी आपण वाचलेले आणि लिहिलेले पुष्कळसे फोल वाटू लागते. ती कोठेही थांबत नाही, कारण ती कोठेही घाई करीत नाही. अशा दिवशी वाट सोडून कडेला उभे राहावे, आणि 'जय सेवालाल' म्हणून त्यांना पुढे जाऊ द्यावे.

सरपण वेचणाऱ्या एका वृद्धेने मला चढावर अडवून विचारले होते, "काहून पयून राह्यले, भाऊ? मांगं कोनी लागलं काय?" मागे कोणी नाही म्हणताच तिचा दुसरा प्रश्न आला, "मंग पुढं काय हाये?" पुढेही काही नव्हते. तिच्या दृष्टीने ज्याच्या मागे भय नाही, पुढे काम नाही आणि डोक्यावर मोळी नाही, त्याने रानात धावणे हे निव्वळ निरर्थक होते, आणि तिच्या तर्काला माझ्यापाशी समर्पक उत्तर आजही नाही. आनंदासाठी धावतो, हे खरे. परंतु हा आनंद ज्या वाटांवर मिळतो त्या आनंदासाठी घडलेल्या नाहीत, हे त्याहून खरे. त्या मिठाच्या गोण्यांनी, मोळ्यांनी, तहानलेल्या गुरांनी आणि नवसाच्या पावलांनी घडल्या. ओझे नसलेला माणूस त्यांच्यावर पाहुणा आहे. आणि पाहुण्याने घराची मांडणी बदलू नये, एवढा संकेत त्याने पाळला तरी पुरे.

तरुण धावणारे हल्ली माझ्याकडे मार्गाची मागणी करतात, म्हणजे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटणारी एक रंगीत रेघ मागतात. ती मी देतो. देण्यात कसूर करीत नाही. मात्र तिच्याबरोबर तीन अटीही घालतो. वळण मोडून सरळ आडवाट काढू नये, कारण ते वळण कोणा ओझेवाल्याचा दम राखण्यासाठी पडले आहे. चढावर समोरून मोळी आली तर थांबावे, आणि उतरत्या बाजूला उभे राहून तिला डोंगराकडची बाजू द्यावी. आणि धावून झाल्यावर त्या वाटेवर राहणाऱ्या एखाद्या माणसाला ती वाट कोठून कोठे व कशासाठी जाते हे विचारावे, कारण रेघ वाट कोठून जाते एवढेच सांगते. ती कशासाठी जाते हे कळल्यावाचून पुढच्या खेपेस, रेघ हाती नसताना, मार्ग निवडता येणार नाही.